याटवर क्रू म्हणून पहिली रेगाटा? या चुका टाळा

उष्ण कटिबंधातल्या बेटांवर शिडाच्या बोटींच्या शर्यती, म्हणजेच रेगाटा, भरतात, तेव्हा शेवटच्या दिवसापर्यंत एखाद्या ना एखाद्या बोटीला माणूस हवाच असतो. कुणाचं विमान चुकतं, कुणाचा गुडघा दुखावतो, आणि धक्क्यावर सकाळपासून विचारत फिरणाऱ्या नवख्या माणसाची वर्णी लागते. कॅरिबियनमधल्या अँटिगातली वसंतातली रेगाटा असो, तिथलीच मार्चमधली सेंट मार्टिनची असो, की १९८७ पासून डिसेंबरात थायलंडमधल्या फुकेतला होणारा किंग्ज कप असो, हे सगळीकडे असंच चालतं. माझी सुरुवात अँटिगात अशीच झाली. पुढे ज्या ज्या बोटींवर चढले, तिथे नवे लोक मी केलेल्या चुकाच पुन्हा करताना दिसले. त्यातल्या बहुतेकींचं मूळ एकच आहे: दोराला हात घालताना त्याच्या दुसऱ्या टोकाला काय आहे हे न बघणं.

क्लच उघडण्याआधी दोर विंचवर घ्या

कॉकपिटच्या, म्हणजे क्रू बसतो त्या खोलगट जागेच्या, पुढे क्लचची रांग असते. एकेका खटक्याखाली एकेक दोर दाबून धरलेला. काही दोर शीड वर ओढणारे, म्हणजे हॅलिअर्ड, काही बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा, खाली धरणारे, काही शिडाचा आकार बदलणारे. सगळे सारखेच निवांत पडलेले दिसतात, कारण क्लचच्या अलीकडचा भाग खरोखरच सैल असतो. ताण सगळा पलीकडे.

माझ्या पहिल्या दिवशी स्किपरने, म्हणजे बोटीच्या कप्तानाने, मेनसेलचं, म्हणजे मुख्य शिडाचं, हॅलिअर्ड इंचभर सोडायला सांगितलं. मी डाव्या हातात दोराचं मोकळं टोक धरलं आणि उजव्या हाताने खटका वर केला. दोर मुठीतून सरसरत गेला. मूठ उघडायलाही वेळ मिळाला नाही. तळहातावर आधी पांढरा पट्टा उठला, मग तो लाल झाला, आणि मीटरभर खाली आलेलं शीड फडफडत राहिलं. चूक माझी होती, आणि ती करंगळीपासून अंगठ्याच्या मुळापर्यंत आठवडाभर दिसत होती.

बरोबर पद्धत अशी. दोराचे तीन वेढे विंचवर, म्हणजे हँडलने फिरवून दोर ओढायच्या ड्रमवर, घ्या. हँडल लावून थोडं फिरवा, म्हणजे ताण क्लचवरून विंचवर येईल. खटका आता हलका लागतो, त्यावरून ते कळतं. मग हँडल काढा, खटका उघडा, आणि वेढ्यांवर तळहात टेकवून दोर हळूहळू सरकू द्या. हे करताना एकदा मान वर करून डोलकाठीकडे बघा. तुमच्या दोराने काय हललं ते दिसलं नाही, तर बहुधा दोर चुकीचा आहे.

हा ताण बेटांवर का जास्त जाणवतो तेही समजून घ्या. कॅरिबियनमध्ये हिवाळ्यापासून वसंतापर्यंत पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात, आणि १५ ते २० नॉट (ताशी सागरी मैल) ही तिथली रोजची गोष्ट. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणजे १० नॉटमध्ये ज्या दोराशी तुमची ओळख झाली, तोच २० नॉटमध्ये चौपट ओढतो. तलावात शिकलेली सवय इथे हात सोलून काढते.

विंचवर अडकलेला वेढा

विंचवर दोर नेहमी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायचा. ताण यायच्या आधी दोनच वेढे, कारण सैल दोराचे चार वेढे घेतले आणि जोरात ओढलं की एक वेढा दुसऱ्यावर चढून बसतो. ताण वाढत गेला की तिसरा, मग चौथा. वेढा घालताना मूठ बंद, आणि ती ड्रमपासून वीतभर लांब. बोटं पसरून दोर फिरवणाऱ्यांचं बोट वेढ्याखाली सापडू शकतं, आणि तिथे सापडलेलं बोट सोडवायला विंच उलटा फिरत नाही.

तरीही वेढा अडकलाच तर? सगळ्यात वाईट प्रतिक्रिया म्हणजे आणखी जोरात ओढणं. त्याने गाठ घट्टच होते. आधी मोठ्याने सांगा: “ओव्हरराइड!” लाज वाटून गप्प राहू नका, कारण स्किपर पुढच्या टॅकचा, म्हणजे वाऱ्याच्या तोंडातून दुसऱ्या बाजूला वळण्याचा, विचार करत असतो आणि ही शीट, म्हणजे शीड ओढून धरणारा दोर, सुटणार नाही हे त्याला ठाऊक नसतं. जागा असेल तर तो बोट वाऱ्याच्या तोंडाशी आणतो, शिडाचा ताण क्षणभर उतरतो आणि वेढा हाताने काढता येतो. तेही जमलं नाही तर दुसरा दोर घ्या, तो अडकलेल्या शीटवर विंचच्या पुढे रोलिंग हिच नावाच्या गाठीने बांधा, मोकळ्या विंचवर नेऊन ताण त्याच्यावर घ्या, आणि मग पहिला विंच मोकळा करा. रोलिंग हिच घरी बसून खुर्चीच्या पायावर शंभर वेळा बांधा. फडफडत्या शिडाखाली ती शिकता येत नाही.

आणि हँडल काम झालं की लगेच खिशात, म्हणजे कॉकपिटमधल्या हँडलच्या खिशात. विंचमध्ये राहिलेलं हँडल पुढच्या टॅकमध्ये कुणाच्या तरी मनगटावर बसतं, नाहीतर पाण्यात जातं.

बूमखाली उभं राहणं

यावर फार लिहायला नको. वारा मागून असताना बोट जरा वळली की बूम एका बाजूकडून दुसरीकडे झेपावतो, आणि मध्ये डोकं असेल तर थांबत नाही. पाठीचा कणा ताठ करून फिरायची सवय धक्क्यावरच सोडा. पुढे जायचं असेल तर वाऱ्याच्या बाजूने, वाकून, एक हात स्वतःसाठी आणि एक बोटीसाठी ठेवून जा. दोराच्या पडलेल्या वेटोळ्यात पाय टाकू नका.

सगळ्यांनी एकदम बोलणं

चांगल्या बोटीवर पाय ठेवला की शांतता आधी लक्षात येते. सुरुवातीच्या रेषेवर पाच मिनिटं उरल्याचा इशारा होतो, मग चार, मग एक, आणि मग सुरुवात. या पाच मिनिटांत स्किपर, वेळ मोजणारा आणि पुढे उभा असलेला बोमन यांच्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नसतं. बोमन तर हाताच्या बोटांनीच सांगतो, रेषा याटच्या किती लांबींइतकी दूर आहे ते. त्या वेळी “तो निळा स्पिनेकर कुणाचा?” असं विचारणारा माणूस पुढच्या वर्षी बोटीवर नसतो.

तुम्हाला रेलवर, म्हणजे डेकच्या कडेला, बसवलं असेल तर मात्र एक काम तुमचंच आहे: वारा बघणं. पाण्यावर काळसर, बारीक सुरकुत्यांचा डाग सरकत येताना दिसला की तो झोत आहे. “झोत येतोय, पाच, चार, तीन…” एवढंच सांगा. शीट धरून बसलेल्या ट्रिमरला त्याचा खरा उपयोग होतो. रेलवर बसताना तोंड बाहेर, पाय बाहेर, पण कंबर खालच्या लाइफलाइनच्या, म्हणजे डेकच्या कडेने लावलेल्या तारेच्या, आत. शर्यतीच्या नियमांतला नियम ४९ तेच सांगतो, आणि तो मोडला तर दंड सगळ्या बोटीला भरावा लागतो.

स्पिनेकर घाईत भरणं

रंगीत, फुगलेला स्पिनेकर, म्हणजे वारा मागून असताना लावायचं मोठं पातळ शीड, फोटोत छान दिसतो. पाण्यावर तो सगळ्यात जास्त गोंधळ घालणारा कपडा आहे. गोंधळाची सुरुवात वर नेताना होत नाही. ती अर्धा तास आधी, आत केबिनमध्ये पिशवी भरताना होते. शिडाच्या दोन्ही कडा वरच्या टोकापासून हातात घेऊन शेवटपर्यंत ओढत आणल्या नाहीत, तर आत एक पीळ राहतो, आणि वर गेल्यावर शीड मध्ये आवळून डमरूसारखं होतं. पिशवीच्या तोंडाशी तिन्ही कोपरे वेगवेगळे दिसले पाहिजेत. केबिनमध्ये उकाडा असतो, बोट हलत असते, पोटात ढवळत असतं, आणि म्हणूनच इथे चुकतं. दोघांनी करा, एक कड एकेकाने.

डमरू झालाच तर हॅलिअर्ड मीटरभर खाली घ्या, हेल्म्समनला, म्हणजे सुकाणू धरणाऱ्याला, बोट वाऱ्याबरोबर सरळ पळवू द्या, आणि शिडाची मोकळी कड खालून झटके देत ओढा. बहुतेक वेळा सुटतो. नाही सुटला तर खाली घ्या. फाटलेल्या शिडाने पुढच्या दिवशी शर्यत होत नाही.

खाली घेताना हॅलिअर्ड धरणाऱ्याने आधी तो दोर डेकवर मोकळा पसरून ठेवलेला असावा. शेवटच्या क्षणी त्यात गाठ निघाली, तर अर्धं शीड वर अडकतं आणि अर्धं पाण्यात जातं, आणि पाण्यात गेलेलं शीड जाळ्यासारखं बोट थांबवतं. जोराच्या झोतात बोट आडवी होऊ लागली, तर व्हँग, म्हणजे बूम खाली धरणारा दोर, आणि स्पिनेकरची शीट सोडायची असते. व्हँगचा दोर कुणाच्या हातात आहे हे मार्क, म्हणजे शर्यतीच्या वळणाची खूण, वळण्याआधी विचारून घ्या. “मला वाटलं तू धरलायस” हे वाक्य मी आडव्या बोटीवर ऐकलेलं आहे.

ऊन

डेकवर ऊन तीन बाजूंनी येतं: वरून, पाण्यावरून आणि पांढऱ्या शिडावरून. टोपी घातलेल्यांची हनुवटी आणि नाकाखालचा भागही भाजतो तो यामुळे. पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट, मानेवर कापड, दोरी बांधलेली टोपी आणि दोरी बांधलेला गॉगल. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चं, दर दोन तासांनी. पण ते लावल्यावर हात पुसा. तेलकट हाताने धरलेला दोर निसटतो आणि डेकवर पडलेला थेंब पुढच्या माणसाला पाडतो. फुकेतला जाणार असाल तर ट्यूबवरचे घटक आधी वाचा. थायलंडने २०२१ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोनसारखी प्रवाळाला घातक रसायनं असलेली सनस्क्रीन वापरायला बंदी घातली.

पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्या. दिवसभराच्या शर्यतीत माणशी तीन-चार लिटर सहज लागतं, आणि त्यात काही भाग तरी क्षारांचा, ओआरएसचा असावा. लघवीला जायची अडचण नको म्हणून काही जण मुद्दाम पाणी कमी पितात. कृपा करून असं करू नका. डोकं दुखणं, मळमळ, विनाकारण चिडचिड आणि गडद लघवी ही शरीराची हाक आहे. त्या माणसाला सावलीत बसवा, मानेवर ओला कपडा ठेवा, घोट घोट पाजा. तो असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचं अंग तापलं, तर ती उष्माघाताची लक्षणं आहेत. शर्यत तिथेच संपवा, अंगावर पाणी ओतत राहा आणि रेडिओवरून मदत मागा.

समुद्र लागणं लपवणं

गोळी बोट सुटायच्या तास-दोन तास आधी घ्यायची असते, पोटात ढवळू लागल्यावर नाही. नवी गोळी आदल्या आठवड्यात घरी घेऊन बघा, कारण काहींनी झोप येते. मळमळ सुरू झाली तर शेजारच्याला सांगा, डेकवरच थांबा, क्षितिजाकडे बघा, आत जाऊ नका. उलटी आलीच तर वारा जिकडे जातो त्या बाजूला, आणि कुणीतरी तुमचा हार्नेस, म्हणजे सुरक्षेचा पट्टा, धरलेला असताना. जाणत्या खलाशांनाही हे होतं. लपवणारा माणूस मात्र ऐन वेळी दोर सोडून बसतो, आणि बाकीच्यांना कारण कळत नाही.

बेटाचा वारा उघड्या समुद्रासारखा मानणं

डोंगराळ बेटाच्या आडोशाला वारा पडतो, आणि त्या सावलीतून बाहेर पडताच तो एकदम येऊन आदळतो. फुकेतचा कटा बीच बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे आणि डिसेंबरात मोसमी वारा ईशान्येकडून, म्हणजे जमिनीवरून येतो. म्हणून तिथे झोत तुटक येतात आणि दिशा बदलत राहते. अशा ठिकाणी शीट क्लीटमध्ये, म्हणजे दोर अडकवायच्या पकडीत, अडकवून निवांत बसू नका, हातातच ठेवा. आणि काळ्या ढगाखाली पावसाचा राखाडी पडदा दिसला, तर तो पोचायच्या आधी लाइफजॅकेटचे पट्टे आवळा. वारा पावसाच्या आधी येतो.

कागद

विमानाने येऊन बोटीने दुसऱ्या देशात जाणार असाल, तर परतीचं तिकीट नसल्यामुळे विमानतळावर अडवू शकतात. स्किपरची सही असलेलं क्रूचं पत्र जवळ ठेवा. बोट सोडताना क्रूच्या यादीतून नाव काढलंय याची खात्री करा, नाहीतर कागदावर तुम्ही अजून तिच्यावरच असता. प्रवासविम्यात शर्यत वगळलेली नाही ना, तेही वाचा. सामान मऊ पिशवीत. कडक सुटकेस ठेवायला याटवर जागा नसते. बुटांचे तळवे डाग न पाडणारे आणि बूट पायाची बोटं झाकणारे हवेत.

कुणी पाण्यात पडलं तर नजर हटवणं

नवखा माणूस घाबरून मदतीला धावतो, आणि पडलेल्यावरची नजर सुटते. लाटांमध्ये माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, आणि अर्ध्या मिनिटात ते सापडेनासं होतं. पडताना पाहिलंत तर ओरडा, हाताशी असलेली लाइफबॉय, म्हणजे तरंगणारं कडं, फेका, हात लांब करून पडलेल्याकडे तर्जनी रोखा, आणि बोट कितीही वळली तरी हात आणि डोळे तिथेच ठेवा. शिडं, इंजिन, जीपीएसचं बटण, रेडिओ बाकीचे बघतील. त्या दहा मिनिटांत तुमचं काम तेवढंच, आणि तुम्हाला दुसरं काही करायला सांगितलं, तर आधी त्याच्याकडे तर्जनी रोखायला दुसरा माणूस उभा करून घ्या.