तलफ आली की तिच्याशी भांडू नका, नुसतं बघत बसा

मी बारा वर्षं सिगारेट ओढली आणि निदान सात-आठ वेळा सोडली, म्हणजे सोडायचं कसं हे मला चांगलंच माहीत होतं, सोडून राहायचं कसं तेवढं जमत नव्हतं. दरवेळी दात-ओठ खाऊन तलफ दाबायची, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी कुठल्यातरी फालतू कारणावरून पाकीट उघडायचं. माइंडफुलनेसमध्ये, म्हणजे जे चाललंय ते न झगडता नुसतं लक्ष देऊन बघण्यात, दाबायचं काहीच नसतं, म्हणून इथे लिहितोय.

सुरुवात उलटी वाटेल पण सोडायच्या आधी एक सिगारेट नीट लक्ष देऊन ओढा. फोन बाजूला, गप्पा नाहीत, गाणी नाहीत. पेटवताना वास कसा येतो, झुरका घशात नेमका कुठे लागतो, जिभेवर काय चव राहते, धूर सोडल्यावर छातीत कसं वाटतं, सगळं बघा. मी हे केलं तेव्हा पहिल्या दोन झुरक्यांनंतर मजा संपलेली, पुढची सिगारेट मी नुसती उरकत होतो आणि तोंडात ओल्या राखेसारखी चव. निकोटीन 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोचतं, त्यामुळे सुख जे काय असतं ते सुरुवातीलाच मिळून जातं, बाकी सगळी सवय. हे दहा लोकांनी सांगून पटत नाही, स्वतःच्या जिभेला कळावं लागतं.

मग तीन-चार दिवस नुसती नोंद ठेवा, कमी करायची घाई नको. किती वाजता, काय चाललं होतं, तलफ दहापैकी किती. माझ्या निम्म्या सिगारेटींना तलफ दोन-तीनच्या वर नव्हतीच, फोनवर बोलत बोलत हात आपोआप खिशात जायचा.

आता मुख्य भाग. सोडायची तारीख ठरवली, तो दिवस आला, तलफ आली. काय करायचं? चार गोष्टी: ओळखा, राहू द्या, तपासा, नाव द्या. ओळखा म्हणजे मनात म्हणा, हां, आली. राहू द्या म्हणजे तिला हाकलू नका, लक्ष दुसरीकडे वळवायला पळू नका. तपासा म्हणजे ती शरीरात कुठे आहे ते शोधा, आणि इथे खरंच वेळ द्या. माझी छातीच्या मधोमध एक घट्ट गोळा, जबडा आवळलेला, उजव्या हाताची बोटं चुळबुळत. मग एकेकाला साधं नाव द्या, घट्ट, गरम, चुळबुळ, अस्वस्थ, आणि श्वास चालू ठेवा. गोळा सरकतो, वाढतो, आणि काही मिनिटांत ओसरायला लागतो, बहुतेक वेळा पाचच्या आसपास. ॲलन मार्लॅट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने याला लाटेवर स्वार होणं म्हटलंय. आपण दरवेळी लाट टोकाला असतानाच पेटवतो ना, त्यामुळे ती आपली आपण खाली येते हे कधी बघितलेलंच नसतं.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट, चिडचिड, झोपेचा बोजवारा, डोकं जड. पुढे दोन ते चार आठवड्यांत बरंचसं निवळतं. सकाळी दहा मिनिटं शांत बसून श्वासाकडे बघायची प्रॅक्टिस केली तर तलफेच्या वेळी लक्ष टिकतं, पोहायला ऐन पुरात कोण शिकतं.

याचा पुरावा किती, तर 2011 मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या जडसन ब्रुअर या मानसोपचारतज्ज्ञाच्या टीमने 88 जणांवर ट्रायल केली होती. चार आठवडे ट्रेनिंग, आणि 17 आठवड्यांनी माइंडफुलनेसवाल्यांपैकी 31 टक्के सिगारेटशिवाय होते, नेहमीचा सोडण्याचा प्रोग्राम केलेल्यांपैकी 6 टक्के. भारी वाटतं, पण 2022 च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये (कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास तपासून एकत्र मांडणारी संस्था) सगळे अभ्यास एकत्र बघितल्यावर बाकीच्या पद्धतींपेक्षा हे सरस आहे असं स्पष्ट दिसलं नाही. त्यामुळे निकोटीन पॅच, गम किंवा डॉक्टरांनी दिलेली गोळी यांच्याऐवजी हे करा असं मी अजिबात म्हणणार नाही, मी स्वतः पॅच लावूनच केलं, आणि त्यात कमीपणा कसला.

घसरलात तर? मी घसरलो, 19 व्या दिवशी रात्री, भांडण झालं होतं आणि एक मागून घेतली. आधीच्या वेळी अशा एका सिगारेटनंतर 'आता मोडलंच आहे' म्हणून दुसऱ्या दिवशी पूर्ण पाकीट यायचं. यावेळी तीसुद्धा लक्ष देऊन ओढली. चक्कर आली, चव तीच राखेची, अर्धी विझवली, वहीत वेळ लिहिली, तलफ दहापैकी नऊ, कारण भांडण, आणि झोपलो. सकाळी उठून परत दहा मिनिटं बसलो.