पोर्ट उघडले म्हणजे सर्व्हर उठला असे नाही

मुंबईत बँकेच्या किंवा शेअर दलाली संस्थेच्या सपोर्ट टीममध्ये रुजू झालेल्या नवख्यांकडे रात्रीच्या रिलीजनंतर (नवी आवृत्ती चढवल्यावर) ॲप्लिकेशन सर्व्हर उठला की नाही हे तपासणारी स्क्रिप्ट लवकरच सोपवली जाते. सकाळी ९ वाजता बाजाराचे प्री-ओपन सत्र सुरू होते, त्यामुळे या स्क्रिप्टच्या उत्तरावर बरेच काही अवलंबून असते.

बहुतेक स्क्रिप्ट सर्व्हरच्या ८०८० पोर्टला (नेटवर्क जोडणीच्या क्रमांकित दाराला) जोडणी होते का, एवढेच पाहतात. या सापळ्याने माझ्या कित्येक रात्री खाल्ल्या आहेत, म्हणून तो सविस्तर सांगतो. टॉमकॅट या जावा ॲप्लिकेशन सर्व्हरमध्ये कनेक्टरचा (पोर्टवर जोडण्या घेणाऱ्या भागाचा) 'बाइंड-ऑन-इनिट' हा पर्याय मुळातच चालू असतो. त्यामुळे वेब ॲप्लिकेशन डिप्लॉय होण्याआधीच, म्हणजे ते सर्व्हरमध्ये चढून सुरू होण्याआधीच, टॉमकॅट पोर्ट ताब्यात घेतो, आणि त्या क्षणापासून ऑपरेटिंग सिस्टीम येणाऱ्या जोडण्या स्वीकारून रांगेत उभ्या करते. स्क्रिप्टला जोडणी यशस्वी दिसते, पण आत उत्तर द्यायला कोणीही तयार नसते. ग्राहकांच्या विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणारा लोड बॅलन्सर याच तपासणीवर विसंबून असेल, तर ट्रॅफिक सुटतो आणि ग्राहकाच्या मोबाइलवर नुसते चक्र फिरत राहते.

लॉगमधली 'सर्व्हर स्टार्टअप इन' ही ओळ शोधणे त्यापेक्षा बरे, तरी पुरेसे नाही. ॲप्लिकेशन डिप्लॉय होताना कोसळले, तरी टॉमकॅट स्वतः सुरू होतो आणि ती ओळ छापतोच. ॲप्लिकेशनच्या पत्त्यावर मात्र ४०४ (पान सापडले नाही) मिळतो. शिवाय लॉगची फाइल तीच असेल, तर ओळ शोधणाऱ्या ग्रेप कमांडला कालची ओळ सापडते.

'स्लीप ९०' (९० सेकंद नुसते थांबणे) लिहून मोकळे होणे मला मुळीच मान्य नाही. सर्व्हरवर ताण असेल त्या दिवशी तेवढा वेळ अपुरा पडतो आणि एरवी तो वाया जातो.

प्रश्न थेट ॲप्लिकेशनलाच विचारावा. स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये २.३ आवृत्तीपासून ॲक्च्युएटर या देखरेखीच्या भागाचा रेडीनेस तपास (ॲप्लिकेशन विनंत्या घ्यायला तयार आहे का, हे सांगणारा) उपलब्ध आहे, मात्र डेटाबेसचा तपास त्यात आपोआप येत नाही, तो आपण जोडावा लागतो. वेब पत्त्याला विनंती पाठवणारी कर्ल कमांड वापरताना 'फेल' हा पर्याय द्यावाच, नाहीतर ५०० (सर्व्हरमधली चूक) आले तरी एक्झिट कोड शून्यच, म्हणजे 'यशस्वी' असाच, मिळतो. 'मॅक्स-टाइम' (एका विनंतीची कमाल वेळ) हाही द्यावा, कारण वर सांगितलेल्या रांगेत अडकलेली विनंती स्क्रिप्टलाही अडकवून ठेवते. दर काही सेकंदांनी विचारत राहावे, एकूण मुदत ठरवावी आणि प्रोसेसच मेली असेल तर तत्काळ थांबावे. हे सारे एका पानात मावते; त्यासाठी शेल स्क्रिप्टमध्ये पारंगत असण्याची गरज नाही, तेव्हा दडपण घेऊ नका.

जो सीनियर तयार स्क्रिप्ट देतो, पण ती अपयशी होताना कधी दाखवत नाही, त्याच्या स्क्रिप्टवर डोळे मिटून विसंबू नका. यूएटीवर (प्रॉडक्शनआधीच्या चाचणीच्या सर्व्हरवर) डेटाबेसचा पासवर्ड मुद्दाम चुकीचा देऊन सर्व्हर सुरू करा. तरीही स्क्रिप्टने सर्व ठीक असल्याचे सांगितले, तर ती प्रॉडक्शनवर (ग्राहक वापरतात त्या सर्व्हरवर) नेऊ नका.