श्वेत बटू बघायचाय? मग या चुका टाळा

नवी दुर्बीण आली की पहिला हट्ट व्याधाच्या जोडीदाराचा. मीही त्यात दोन हिवाळे घालवले. हा जोडीदार, व्याध ब, श्वेत बटू (इंधन संपून आक्रसलेला तारा) खराच, पण शेजारचा व्याध त्याच्या जवळपास दहा हजार पट तेजस्वी. त्या झगमगाटात लहान दुर्बिणीचं काही चालत नाही. नाद सोडा आणि ४० एरिडॅनी हा तारा बघा. त्याचा जोडीदार श्वेत बटू खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने १७८३ मध्ये टिपला होता. साडेनवव्या प्रतीचा आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद), चार इंची दुर्बिणीत सहज येतो.

दुसरी चूक घाईची. अंधार पडला रे पडला की साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या डोंगरावरून पूर्वेला दुर्बीण लावायची, आणि तारा नेमका सातारा शहराच्या उजेडावर! डिसेंबरअखेर रात्री दहाच्या सुमारास तो दक्षिणेला पासष्ट अंशांवर येतो, तेव्हा बघा. मृगातल्या राजन्य (रायजेल) ताऱ्यापासून उजवीकडे, हात लांब करून तर्जनी-करंगळी फाकवल्यावर भरेल तेवढ्या अंतरावर, चौथ्या प्रतीचे दोन तारे जवळजवळ आहेत. डावीकडचा, किंचित खालचा तो आपला. बटू त्याच्या पूर्वेला ८३ विकलांवर, म्हणजे गुरूच्या थाळीच्या जवळपास दुप्पट अंतरावर.

आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) श्वासाची वाफ धरली तर थांबा. मी एकदा मफलरनेच पुसलं. तो ओरखडा अजून आहे.

आता रंग. पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो, "एवढंच? हा तर राखाडी ठिपका." इतक्या मंद प्रकाशात डोळ्याला रंग नीट कळत नाही. आधी मुख्य ताऱ्याचा नारिंगीपणा बघा, मग याच्याकडे वळा, फरक जाणवतो. आणि मंद म्हणजे थंड, हा समज तर साफ चुकीचा. याचा पृष्ठभाग सूर्याच्या जवळपास तिप्पट तापलेला. मंद दिसतो तो आकारामुळे: पृथ्वीच्या जेमतेम दीडपट, पण वस्तुमान सूर्याच्या निम्म्याहून जास्त! १९१० च्या सुमारास रसेल, पिकरिंग आणि विल्यमिना फ्लेमिंग या खगोलशास्त्रज्ञांनाही हेच कोडं पडलं होतं, एवढा पांढरा तारा इतका मंद कसा?

बटूला खेटून अकराव्या प्रतीचा एक तांबडा ताराही आहे. काही जण त्यालाच बटू समजतात. दोघांत जो ठळक, तो बटू. तांबडा दिसलाच नाही, तर दुर्बिणीचा आरसा घरातून आणल्या आणल्या वापरलात का ते आठवा. अर्धा तास उघड्यावर निवू द्या, पुन्हा बघा.