चढावर गाडी मागं जाईल म्हणून भ्या वाटतंय?
लायसन आलं तरी बेळगावच्या कपिलेश्वर ब्रिजच्या चढावर मागं बस असली की पाय लटपटतात ना, मग आधी तिकडं जाऊच नका. रविवारी सकाळी लवकर कॅम्पातला मोकळा रस्ता धरा नि जरासा चढ बघून एवढंच करा, हँडब्रेक ओढायचा, फर्स्ट टाकायचा, क्लच सावकाश सोडत यायचं, इंजिनचा आवाज जड होऊन बॉनेट जरा उचललं की पाय तिथंच धरायचा, थोडं एक्सलेटर नि मगच हँडब्रेक खाली. गाडी मागं सरकत नाही. मागचा हॉर्न मारतोय तर मारू दे की, त्याला काय! बाकी उसाच्या सीझनला पुढं दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर असला तर ओव्हरटेकची घाई नको, रात्री तर ट्रॉलीला मागं लाइट बऱ्याचदा नसतेच, लांबूनच चला.