कांदळवन नकाशात हलत होतं, तिथीनं सुटलं

दाभोळ खाडीकाठच्या कांदळवनाचा नकाशा क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या संगणक प्रणालीत करत होतो. सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रं, एकेक ठिपका १० मीटरचा; त्यावर एनडीव्हीआय, म्हणजे लाल आणि अवरक्त प्रकाशावरून हिरवाई मोजणारा आकडा. पण दर चित्रात काठ वेगळा! जानेवारीत हिरवा दिसलेला पट्टा फेब्रुवारीत गायब. तोड झाली की काय म्हणून धावत गेलो, तर गुडघाभर उंचीची तिवराची (कांदळवनातल्या झाडाची) रोपं चिखलात जशीच्या तशी उभी. पानांवर मात्र गाळाचा ताजा थर होता.

तिथं भरतीचं पाणी नडलं होतं. बुडालेल्या पानांची अवरक्त चमक पाणी शोषून घेतं, मग एनडीव्हीआय पडतो.

आमच्याकडचा जुना हिशेब आठवला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. उपग्रह येतो सकाळी अकराच्या सुमारास. पुनव-अवसेला (पंधरावी तिथी) भरती सव्वाअकराला, म्हणजे उधाणाच्या (सर्वांत मोठ्या भरतीच्या) दिवसांतलं चित्र कायम पाण्याखालचं. सप्तमीला भरती सव्वापाचला, ओहोटी साडेअकराच्या आसपास. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो त्या दिवसांत, ओहोटीचं पाणी फार खाली जात नाही हे खरं, पण रोपं उघडी राहतात, तेवढं पुरे.

आता षष्ठी ते अष्टमीचीच, पावसाळ्यानंतरची निरभ्र चित्रं घेतो. काठ जागेवर राहिला. चित्र निवडण्याआधी कालनिर्णय बघतोच, आणि भरतीच्या तक्त्याशी ताडूनही घेतो.