पाण्याची आकडेवारी देता-घेताना या चुका टाळा

दोन सरकारी खाती, एक विद्यापीठ आणि एक स्वयंसेवी संस्था एकाच खोऱ्याची माहिती एकत्र करायला बसली, की वाद आकड्यांवरून कमी आणि आकड्यांसोबत न आलेल्या माहितीवरून जास्त होतात. त्याच त्या चुका निस्तरून कंटाळा आलाय, म्हणून हे लिहितोय.

रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे

ही चूक मला सर्वांत जास्त छळते. शून्य म्हणजे कुणीतरी पर्जन्यमापक पाहिला आणि पाऊस पडलेला नव्हता. यंत्र बंद असेल, नरसाळ्यात पाला अडकला असेल, तर ती नोंदच नाही.

एका प्रकल्पात पावसाची फाइल एका खात्याकडून आणि नदीच्या विसर्गाची दुसऱ्याकडून आली. जुळवून पाहिलं तर पुराच्या काळात खोऱ्यात पडलेल्या पावसापेक्षा नदीतून वाहून गेलेलं पाणी जास्त! तरुण मंडळी लगेच पावसावरून नदीचा प्रवाह काढणाऱ्या मॉडेलचे गुणांक फिरवत बसली. जमिनीत मुरणारं पाणी जवळजवळ शून्यावर आणलं, तरी हिशेब बसेना. मी मूळ नोंदवहीचे फोटो मागवले. वरच्या भागातल्या केंद्रांपुढे ऐन पुरात आडव्या रेघा होत्या. रस्ते बंद होते, तिथे कुणी पोचलंच नव्हतं. मधल्या एका टेबलावर फाइल स्वच्छ दिसावी म्हणून रेघांच्या जागी 0 भरले गेले होते. आकडे पटत नसतील तर आधी नोंदवही उघडा, मॉडेलला नंतर हात लावा. घाई करणाऱ्यांना हे सांगून सांगून थकलो.

फाइल आली की मी आधी शून्यं मोजतो आणि शेजारच्या केंद्रांशी ताडून बघतो. पाठवताना नोंद नसलेली जागा रिकामी ठेवतो आणि बाजूच्या रकान्यात कारण लिहितो. नोंद नाही हे दाखवायला -999 लिहिण्याची पद्धत जुनी आहे, पण सरासरी काढताना कुणीतरी ते मिसळतंच.

पातळी कशापासून मोजली?

मोजपट्टीच्या शून्यापासून की समुद्रसपाटीपासून? आणि कुठल्या समुद्राच्या? ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्ग इथे जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांना जोडणारा पूल बांधताना 2003 साली हेच नडलं. एका देशाची उंची उत्तर समुद्रावरून, दुसऱ्याची भूमध्य समुद्रावरून. 27 सेंटिमीटरचा फरक ठाऊक होता, पण दुरुस्ती उलट्या चिन्हाने झाली आणि तफावत 54 सेंटिमीटरची झाली. म्हणून फरक किती एवढंच लिहून भागत नाही, तो मिळवायचा की वजा करायचा, हेही लिहा. भूजलात तर घोळ आणखी सोपा: एक कार्यालय जमिनीपासूनची खोली देतं, दुसरं समुद्रसपाटीपासूनची उंची. पाणी चढलं की पहिला आकडा कमी होतो, दुसरा वाढतो. विहिरीच्या कठड्यावरून मोजलं असेल, तर कठड्याची उंचीही हवी.

बाकीच्या चुका

विसर्ग पाठवताना पाणीपातळीही पाठवा. विसर्ग बहुतेक वेळा पातळीवरून रेटिंग कर्व्हने, म्हणजे कुठल्या पातळीला किती पाणी वाहतं हे दाखवणाऱ्या आलेखाने, काढलेला असतो आणि मोठ्या पुरानंतर नदीचं पात्र बदललं की तो कर्व्हही बदलतो.

सकाळी मोजलेला पाऊस आदल्या दिवसाच्या नावावर टाकलाय की त्याच दिवसाच्या? लिहा.

क्युसेक (सेकंदाला घनफूट) की क्युमेक (सेकंदाला घनमीटर), हे रकान्याच्या नावातच हवं. 1 क्युमेक म्हणजे सुमारे 35.3 क्युसेक.

धरणाचा साठा एकूण की उपयुक्त?

तात्पुरते आकडे आणि तपासलेले आकडे एकाच फाइलमध्ये खूण न करता घालू नका.

तक्त्याची पीडीएफ पाठवणं म्हणजे समोरच्याला पुन्हा टायपिंगला बसवणं. सीएसव्ही द्या. पाण्याच्या आकडेवारीच्या देवाणघेवाणीसाठीचं वॉटरएमएल 2.0 हे 2012 पासूनचं आंतरराष्ट्रीय मानक उत्तम आहे, पण त्यातले आकड्यांबद्दलच्या माहितीचे रकाने रिकामे सोडणारेही मी पाहिलेत.

पाठवण्याआधी मी फाइल प्रकल्पाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला उघडायला देतो. तो जे जे विचारतो, त्याचं उत्तर सोबतच्या टिपणात जातं. ‘उद्या मीटिंग आहे, आत्ता नुसते आकडे पाठवा’ म्हणणाऱ्यालाही टिपण झाल्यावरच फाइल मिळते.