दिवाळीला गावी जाल तेव्हा: आईवडिलांच्या घरातली कामं

आईवडील गावी दोघंच आणि मुलं पुण्या-मुंबईला किंवा त्याहून लांब, अशा घरांसाठी ही यादी आहे. सणाचे चार-पाच दिवस फराळात आणि भेटीगाठींत जातात, त्यामुळे एका खेपेत सगळं होणार नाही. क्रम लावावाच लागतो, आणि माझ्या मते पहिला नंबर पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेचा. स्मार्टवॉच आणि कॅमेरे त्यानंतर.

पोचलात त्याच रात्री दिवे मालवून ती वाट स्वतः चालून बघा. बटण पलंगावरून हाताला लागतं का? सतरंजीची वळलेली कड, पायपुसणं, टीव्हीची वायर, उंबरठा, यातलं काय पायात येतं ते अंधारातच कळतं. पायपुसणी उचला, नाहीतर खाली रबर असलेली आणा. प्लगमध्ये बसणारे आणि अंधार पडला की आपोआप लागणारे छोटे दिवे मिळतात, ते पलंगाजवळ, वळणावर आणि संडासाच्या दाराशी लावा. लाइट जाणारं गाव असेल तर उशाशी बॅटरी हवीच. आणि दोघांनाही एक सवय लावून या: जाग आल्यावर पाय खाली सोडून मिनिटभर कडेला बसायचं, मगच उभं राहायचं. बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे उभं राहताक्षणी रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

बाथरूमच्या कामाला मिस्त्री लागतो आणि दिवाळीत तो मिळत नाही, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा. ग्रॅब बार, म्हणजे धरून उठायची दांडी, भिंतीत ड्रिल मारून पक्का बसवायचा. टॉवेलच्या दांडीवर माणसाचा भार पेलत नाही, आणि रबरी चकतीने चिकटणाऱ्या दांड्या नेमक्या वेळी सुटतात. जागा मिस्त्रीला ठरवू देऊ नका. आईला कमोडवर बसवा, उठायला सांगा, तिचा हात आपसूक भिंतीवर जिथे टेकतो तिथे पेन्सिलने खूण करा. मग बाबांची खूण घ्या, ती वेगळी येईल. “मी काय आजारी आहे का?” हे ऐकावं लागेलच, पण खूण स्वतःच्या हाताची असली की विरोध बराच मावळतो. बुटक्या पाटाऐवजी रबरी पायांची उंच प्लास्टिकची खुर्ची आणा. दाराची कडी बाहेरूनही उघडेल अशी बसवून घ्या. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर तो याच खेपेला बाहेर काढा, यात चालढकल नको. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, आणि आतल्या माणसाला हाक मारायचीही शुद्ध राहत नाही.

स्वयंपाकघरात एकच बघा: रोजचे डबे खांद्याच्या वर नकोत. माळ्यावरचं जे लागणार असेल ते तुम्हीच काढून द्या, म्हणजे स्टुलावर चढायचं कारण उरत नाही.

औषधांसाठी एक अख्खी दुपार राखून ठेवा. कपाटातलं, देवघराच्या खणातलं, पर्समधलं सगळं पलंगावर मांडा. काढे, चूर्णं आणि शेजारणीने दिलेली गुडघेदुखीची गोळीसुद्धा. कात्रीने दोन-दोन गोळ्या कापून आणलेल्या पट्ट्या नीट बघा. बऱ्याचदा नावाचा आणि मुदतीच्या तारखेचा भागच दुकानात राहिलेला असतो. नाव न कळणारी गोळी घरात ठेवायची नाही. उरलेल्या पट्ट्यांवर कंपनीने दिलेल्या ब्रँडच्या नावाजवळ मूळ औषधाचं नाव असतं, ते वहीत उतरवा. हृदयाच्या डॉक्टरांनी एका नावाने आणि गावातल्या डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने एकच औषध दिलेलं असतं, ते इथेच सापडतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर दुकानातून परस्पर आणलेली अंगदुखीची गोळी धोक्याची, कारण पोटात रक्तस्राव होऊ शकतो. ही वही घेऊन दोघांना एकाच डॉक्टरांकडे न्या आणि “यातलं काय बंद करता येईल?” असं सरळ विचारा. स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

मधुमेह असेल तर साखर 70 च्या खाली गेल्यावर काय करायचं हे दोघांना पाठ हवं: तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

मग फ्रिजवर एक कागद, मोठ्या अक्षरात. वर 108, त्याखाली घराचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही सांगता येत नाही. त्याखाली आजार, गोळ्या, ॲलर्जी, किल्ली ज्यांच्याकडे ठेवली त्या शेजाऱ्यांचा नंबर, आणि रात्री सिटी स्कॅन होतो अशा हॉस्पिटलचं नाव. हे नाव आधी फोन करून पक्कं करा. चेहरा एका बाजूला ओढला, हात उचलेना, बोलणं अडखळलं, म्हणजे पक्षाघाताची (स्ट्रोकची) लक्षणं दिसली, की दाखवायला जवळचा दवाखाना उपयोगाचा नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी स्कॅन लागतो. माणूस शेवटचा ठीक कधी दिसला, ती वेळही डॉक्टर विचारतात.

शेजाऱ्यांना चहाला बोलावून आणखी दोन गोष्टी सांगा. पडल्यावर पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसला तर ओढून उभं करायचं नाही, 108 ची वाट बघायची. आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याचं डोकं आपटलं तर तो कितीही “काही नाही, ठीक आहे” म्हणाला तरी हॉस्पिटलला न्यायचं. आई किंवा बाबा एरवीही एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलायला लागले तर “वय झालं” म्हणून सोडू नका. लघवीचा संसर्ग किंवा रक्तातलं सोडियम उतरणं अशी बरी होणारी कारणंही त्यामागे असतात.

कागदपत्रांचं लवकर उरकतं. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, त्यात कुटुंबातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार होतात. जवळचं कोणतं हॉस्पिटल योजनेत आहे तेवढं बघून ठेवा. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये लागतो, तो मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या होतो, तुम्ही असतानाच करून टाका. फोनवरच्या फसवणुकीबद्दल बोलताना दरडावू नका, नाहीतर उद्या काही घडलं तर ते लपवतील. व्हिडिओ कॉलवर “तुम्हाला अटक झाली आहे” असं धमकावून पैसे उकळतात, पण असं डिजिटल अरेस्ट कायद्यात नाही. पोलिस, सीबीआय कुणीही म्हणो, फोन ठेवायचा आणि तुम्हाला लावायचा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा, कारण पुढच्या खात्यांत वळते होण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता असते.